धुतलेला फिरंगी रुपया

अण्णा, तुम्ही गेल्याला आता सव्वीस वर्षं झाली. या काळात जुन्या नाण्यांचे भाव वाढले, आणि त्यांच्याबद्दल वाट्टेल ते बोलणाऱ्यांची संख्या त्याहून जास्त वाढली. परवा शेजारची वहिनी धावत आली. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हाताच्या मुठीत देवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं. "गो, ह्या बघ! असल्या एका नाण्याक दहा लाख मिळतत म्हणतत. माझ्याकडे दोन आसत!" मी म्हटलं, "वहिनी, दहा लाख देणारो गावलो तर माकाय हाक मार, माझ्याकडे डबोभर आसत." ती रागावून गेली. तुम्ही असतात तर तिला खुर्चीवर बसवलं असतं, डोळ्याला काच लावून नाणं दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं असतं, ह्याचे पाच रुपयेच येतील असं शांतपणे सांगितलं असतं आणि वर चहा पाजून पाठवलं असतं. बापाचा डोळा थोडाफार लेकीत उतरला असेल, पण तो धीर काही उतरला नाही.

शाळा सुटली की आई मला घरातून हाकलायची आणि मी तुमच्या दुकानात येऊन बसायची. मालवणच्या बाजारातली ती दहा बाय आठची खोली. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी, त्यामुळे घड्याळवाल्याच्या दुकानात येऊन वेळ विचारणाऱ्याची पंचाईत व्हायची. तुम्ही खिडकीशी बसलेले असता, उजव्या डोळ्यात काळी काच अडकवलेली. ती काढायचं विसरून तुम्ही तसेच वर बघता आणि गिऱ्हाइकाच्या कडेवरचं मूल भोकाड पसरतं. घड्याळांबरोबर लोक नाणी का आणतात, हे मला तेव्हा कळत नसे. आता कळतं. गावात बारीक बघणारा डोळा तो एकच होता. सोनाराकडे नेलं की तो आधी वजन करायचा, तुम्ही आधी बघायचा. एक म्हातारी तुळशीचा कट्टा नव्याने बांधताना सापडलेली पिवळी चकती पदरातून सोडून तुमच्यापुढे ठेवते.

"अण्णानू, ह्या सोन्याचा काय ओ?"

"पितळ गो. पण बऱ्या हाताचा पितळ आसा."

"मगे ह्याचा काय येतला?"

"काय येवचा नाय. नातवाक दाखव, तेका आवडात."

आणि म्हातारी खूश होऊन जाते. काही मिळणार नाही हे ऐकून माणसं इतकी समाधानाने कशी परत जात, याचं मला आजही नवल वाटतं. तुमच्या स्वतःच्या नाण्यांची पेटी तर काय, जेमतेम दीडशे नाणी, पण प्रत्येकाला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं पाकीट, आणि पाकिटावर पेन्सिलीने तुमचं मत. 'झिजलेले, पण अक्षर वाचते.' 'गळ्यातले होते, कडी काढल्याची खूण आहे.' एका शिवराईवर लिहिलं होतं, 'खोटी, पण जुनी खोटी.' त्या पाकिटांवर 'सुंदर' किंवा 'दुर्मिळ' असा शब्द मी एकदाही पाहिला नाही. जे दिसतं तेवढंच तुम्ही लिहायचा, आणि न दिसणारं काही ठाऊक असेल तर तेही लिहायचा.

सगळ्यांत तुमचा जीव होता तो फिरंगी रुपयावर. गोवा अजून फिरंग्यांकडे होता तेव्हा शिडाच्या मचव्यावरून ये-जा करणाऱ्या एका तांडेलाने तो घड्याळाच्या दुरुस्तीपोटी तुम्हांला दिलेला. कुणाच्या तरी पेटाऱ्यात कागदात गुंडाळून राहिलेला, बाजारात कधी फिरलाच नव्हता. त्यावरच्या पोर्तुगीज राजाच्या डोक्याचा केस न् केस उठून दिसायचा, आणि सगळ्यावर एक काळसर निळी झाक चढलेली, कडेला किंचित जांभळी. तुम्ही तो उन्हात तिरका धरायचा आणि झाक सरकताना बघत बसायचा. मला तेव्हा त्यात काही दिसत नसे. मला दिसायचा तो एक काळा पडलेला रुपया.

मी दहा वर्षांची. लक्ष्मीपूजनाचा आदला दिवस, म्हणजे घरात धातू म्हणून जे काही असेल ते घासून काढायचा दिवस. आईने मला मागच्या पडवीत बसवलंय. समया, ताम्हन, तांब्ये, कळशी, सगळं पुढ्यात. आधी भिजवलेली आमसुलं चोळायची, मग चुलीतली चाळलेली राख. हात लाल, नखं काळी. सगळं लखलखीत झालं आणि मला आठवलं, की उद्या पूजेच्या ताटात तुम्ही दरवर्षीसारखा तो रुपया ठेवणार. लक्ष्मीसमोर असला काळा रुपया ठेवायचा? मी पेटी उघडली, पाकिटातून तो काढला आणि अगदी मन लावून घासला. अंगठ्याने, गोल गोल, दोन्ही बाजूंनी. राजाचं डोकं पांढरंशुभ्र झालं. मला इतका आनंद झाला होता, अण्णा, की तुम्ही जेवायला येईपर्यंत मी तो ओंजळीत घेऊन पायरीवर उभी होते.

तुम्ही तो हातात घेतलात. खिशातून काच काढून डोळ्याला लावलीत. दोन्ही बाजू फिरवून बघितल्यात. मग म्हणालात, "मळ न्हय तो, गो बाय. वर्सा ती, तेच्यार चढलेली." आणि थोड्या वेळाने, "माका इचारूक होया होता." बस, एवढंच. मग तुम्ही पहिल्यांदाच ती काच माझ्या डोळ्याला लावलीत आणि रुपया उन्हात धरलात. राजाच्या गालावरून, मानेवरून, सगळीकडून बारीक बारीक रेघा, गोल फिरलेल्या. "दिसता? ह्यो तुझो आंगठो." मला वाटत होतं, की तुम्ही एक थोबाडीत द्यावी आणि विषय संपवावा. तुम्ही जेवायला बसलात आणि भात परत मागून घेतलात. दुसऱ्या दिवशी रुपया ताटात ठेवलात, हळदकुंकू वाहिलंत, आणि पाडव्याला त्याच्या पाकिटावर आधीच्या ओळीखाली एक शब्द लिहिलात, 'धुतलेले.' कोणी, ते लिहिलं नाहीत.

मग आठवड्याने कोल्हापूरकडचे ते गृहस्थ आले. दोन वर्षं ते या रुपयासाठी तुमच्या मागे होते आणि यंदा तुम्ही हो म्हटलं होतंत, कारण घड्याळाचे बारीक भाग कातायचं एक छोटं यंत्र तुम्हांला घ्यायचं होतं. त्या यंत्राचं चित्र तुम्ही टेबलाच्या काचेखाली लावून ठेवलं होतं. तळेऱ्याला गाडी बदलून, धुळीने भरलेले ते दुकानात शिरले, पाणी प्यायले आणि रुपया घेऊन दारातल्या उजेडात गेले. "अहो अण्णा, हा तर कालच टांकसाळीतून आल्यासारखा आहे!" मी कोपऱ्यातल्या स्टुलावर. माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे मी बिघडवलं नव्हतं, उलट चांगलंच केलं होतं! तेवढ्यात तुम्ही मान वर न करता, परक्या माणसाशी बोलायच्या तुमच्या त्या शुद्ध मराठीत म्हणालात, "धुतलेला आहे."

ते परत आत आले. "कोणी धुतला?"

"घरात दिवाळी होती," तुम्ही म्हणालात.

ते गृहस्थ हळहळले, दोन तांब्याची नाणी घेतली आणि संध्याकाळच्या गाडीने गेले. ते यंत्र कधीच आलं नाही. तुम्ही शेवटपर्यंत तेवढं बारीक काम हाताने, कानशीने करत राहिलात. काचेखालचं चित्र कधी काढलंत ते मला आठवत नाही. एक दिवस बघितलं तर तिथे देवाचं कॅलेंडर होतं. त्याबद्दल आपण कधीही बोललो नाही, आणि न बोलल्यामुळे ते माझ्यात जास्त मुरलं असं मला वाटतं.

आता तुम्हांला अलीकडची गोष्ट सांगायची, तर आधी थोडं समजावून सांगावं लागेल. हल्ली नाण्यांना गुण देतात. एखाद्या संस्थेकडे नाणं पाठवायचं, ते बघून सत्तरपैकी आकडा ठरवतात आणि नाणं पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात कायमचं बंद करून, वर आकडा चिकटवून परत पाठवतात. मग लोक नाणं बघत नाहीत, आकडा बघतात. चांगलं, डोळस काम करणारेही आहेत म्हणे, पण आमच्या वाट्याला येतं ते बहुतेक दुसरंच. कुडाळला आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा एका उपाहारगृहाच्या माडीवर जमतो. बाई मी एकटीच. नाणी कमी निघतात आणि तक्रारी जास्त. एसटीतून निवृत्त झालेला एक जण आहे, तो परवा म्हणत होता, "एकच नाणा दोनदा धाडलंय, दोनदा वेगळो आकडो इलो. मधल्या वेळेत नाण्यान कसरत केल्यान की काय?" आणि इंटरनेटवरच्या जाहिराती तर विचारू नका. जी शिवराई शेतात नांगराला मडकंभर लागते, तिच्यावर 'जगात एकमेव' लिहिलेलं. फोटोत उजेड असा पाडतात, की घासलेलं, भोक भरलेलं, साच्यात ओतलेलं नकली, काही म्हणजे काही कळत नाही. आम्ही त्या जाहिराती मोठ्याने वाचतो, पोट धरधरून हसतो आणि भजी मागवतो. या हसण्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा असतो.

अशा बाईच्या घरात काय व्हावं! माझा मुलगा, तुमचा नातू, पुण्याला असतो. माझ्यामागे ही पेटी कोण बघणार, तेव्हा माझ्या देखतच नाणी आवडणाऱ्यांच्या हाती जाऊ देत, असं मी त्याला मागे म्हटलं होतं. त्याने ते मनावर घेतलं. गणपतीत आला तेव्हा पेटीतली तीन नाणी घेऊन गेला, मला नकळत, मला खूश करायला. महिन्या-दीड महिन्याने ती डब्यांत बंद होऊन घरी आली. फिरंगी रुपयाच्या डब्यावर चौसष्टचा आकडा, आणि न वापरलेला, मूळ स्थितीतला अशी नोंद. धुतल्याचा उल्लेख कुठेच नाही. जाहिरातही त्याने देऊन टाकली होती. 'मालवणातील जुन्या घराण्याच्या खासगी संग्रहातून प्रथमच! अतिदुर्मिळ! मानवी हात न लागलेला!' घराणं म्हणजे आपलं, अण्णा, दहा बाय आठचं. आणि मानवी हात न लागलेला!

"आई, बघितलंस? चौसष्ट मिळाले!" तो फोनवर म्हणाला.

"पाकिटं कुठे आहेत रे?"

"कसली? ती कॅलेंडरच्या कागदाची? ती गणपतीतच सगळ्या पेटीची टाकली गं, बाकीची नाणी प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातली. आता डबे आले ना."

"मला विचारायचं होतंस," मी म्हणाले, आणि तुमचाच आवाज माझ्या तोंडून आल्यासारखं वाटून फोन ठेवून दिला. त्याचा काय दोष? पण ते पाकीट गेलं, म्हणजे तो रुपया धुतलेला आहे हे सांगणारी जगात मी एकटीच उरले.

दोनच दिवसांनी एका निवृत्त मास्तरांचा फोन आला, वैभववाडीकडच्या. सुरुवात शुद्ध मराठीत, अर्ज लिहितात तशी. जाहिरातीत मालवणचा उल्लेख बघून त्यांना शंका आली, की हा संग्रह बाजारातल्या त्या घड्याळवाल्या अण्णांचा तर नव्हे? मी हो म्हटल्याबरोबर ते एकदम मालवणीवर आले. त्यांच्या पहिल्या पगाराचं घड्याळ तुम्ही दुरुस्त केलं होतंत, आणि तीन वेळा आल्यावरही 'ह्या आता चलाचा नाय, पैसे नको' म्हणून परत दिलं होतंत. "मिया डब्यातला नाणा आजपर्यंत घेवक नाय," ते म्हणाले. "माझो त्या आकड्यांवर इस्वास नाय. पण अण्णांच्या हाताखालसून गेलेला आसला, तर माका डोळे झाकून व्हया. तुमी फक्त सांगा, मूळचा तसाच आसा मा?"

मी काय सांगितलं माहीत आहे? "मास्तर, जरा बघून सांगते."

बघायचं काय होतं त्यात! तरी मी बघितलं. तुमचं कामाचं टेबल माझ्या मागच्या पडवीत आहे, तिथे बसून तुमची काच डोळ्याला लावली आणि डबा उन्हात फिरवला. प्लॅस्टिकवरही रेघा होत्या, बारीक. रेघ डब्यावरची की रुपयावरची, सांगता येईना. आणि मला ते सांगता येऊ नये असंच वाटत होतं, हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. मी मनाशी काय काय म्हणत होते! दहा वर्षांच्या पोरीच्या अंगठ्यात असं कितीसं बळ असणार? आमसुलाने चांदीचं एवढं काय होतंय? ज्यांचा हाच धंदा, ज्यांच्याकडे यंत्रं आहेत, त्यांना काही दिसलं नाही. तुमच्याकडे एक काच होती आणि वर तुमचा स्वभाव, सगळ्यात आधी खोट शोधायचा. कुडाळच्या माडीवर या आकड्यांवर सगळ्यांत मोठ्याने हसणारी मी, तो आकडा दिवसातून दहा वेळा काढून बघत होते.

चौथ्या दिवशी सकाळी मास्तरांचा परत फोन. "घाई नाय हां माका," ते म्हणाले. "तुमी नीट बघा. मिया आकडो बघूकच नाय. तुमी बघितलास, तेवढा माका पुरे." फोन ठेवला आणि मी पडवीत गेले. तुमची छोटी पकड घेतली, डब्याचा कोपरा तिच्यात धरला आणि दाबला. पहिल्यांदा नुसता कुरकुरला, दुसऱ्यांदा फुटला. रुपया टेबलावर पडून गरगरत राहिला. कितीतरी वर्षांनी तो उघडा माझ्या बोटांत आला. उन्हात धरला, काच लावली. सगळ्या रेघा जागच्या जागी होत्या. गालावर, मानेवर, गोल गोल. एवढी वर्षं झाली, पण नवी झाक चढली होती ती जेमतेम कडेला.

मी मास्तरांना तिथूनच फोन लावला. "मास्तर, धुतलेला आहे."

"कोणी धुवल्यान?"

"मियाच," मी म्हटलं. "धा वर्सांची होतंय. आमसुलान आणि राखेन."

मास्तर इतके हसले, की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "धाडा तर मगे. धुवलेलो म्हणान धाडा, आणि कागदार तसा लिवन धाडा." मी त्यांना अर्ध्याहून कमी किंमत सांगितली, आणि कागद म्हणून जुन्या कॅलेंडरचंच पाकीट केलं. तुमच्या नातवाने कपाळाला हात लावला. "आई, डबा फोडलास? अगं, आकडा गेला ना!" मग थोड्या वेळाने त्याचा परत फोन आला. त्याने जाहिरात काढून टाकली होती, आणि बाकीच्या नाण्यांवर तुम्ही काय लिहिलं होतं ते मला आठवतंय का, असं विचारत होता. मला बहुतेक आठवतं. आम्ही रोज थोडं थोडं करून नवी पाकिटं लिहितो आहोत, तो विचारतो आणि मी लिहिते. 'जुनी खोटी' ऐकून तो फार हसला.

गेल्या महिन्यात कुडाळला मी ही गोष्ट सांगितली. डबा फोडल्याचं ऐकून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, एसटीवाल्याने माझ्यासाठी वेगळी भजी मागवली. "अण्णांची चेडू शोभतंस," असं एक जण म्हणाला. मी सांगताना डबा आला तसा पकडीत धरून फोडला, असं सांगितलं. मधले तीन दिवस मी गाळले. हे पत्र मी त्या तीन दिवसांसाठी लिहायला घेतलं होतं, आणि बघा, शेवटापर्यंत त्यांनाच टाळत आले. पत्र कुणाला पाठवायचं नाही, तेव्हा आता लिहून टाकायला हरकत नाही.

अण्णा, ते तीन दिवस मी फार सुखात होते. त्या तीन दिवसांत मी काहीच बिघडवलेलं नव्हतं. ते गृहस्थ रुपया घेऊन जाऊ शकले असते, तुमचं यंत्र येऊ शकलं असतं, आणि तसं झालं नाही ते केवळ तुमच्या अति चिकित्सेमुळे. मला तुम्ही चुकलेले हवे होतात.